म्हसधोंड

आमच्या जुन्या गावाच्या खाली तेरणेच्या पात्रात एक काळी धोंड आहे. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी दिसते. पाठ रुंद, पुढं मान उचललेली आणि मानेच्या वर एक बोथट टोक. त्याला सगळे शिंग म्हणायचे. धोंडेचं नाव म्हसधोंड.

पावसाळ्यात नदी ओलांडायची तर आधी तिच्याकडं बघायचं. पाठ उघडी असेल तर बैलगाडी जाते. पाठ बुडून मान दिसत असेल तर गाडी अलीकडं सोडायची, बैलं पोहत न्यायची आणि बायकांनी लेकरं खांद्यावर घेऊन, एकमेकींच्या हाताला हात धरून जायचं. नुसतं शिंग उरलं असेल तर पोहणाऱ्या गड्यानं एकट्यानं जावं, तेही काम तसंच असेल तर. शिंगही गेलं की घरी बसायचं. मग पलीकडं लग्न असो नाहीतर मयत.

माझ्या आबांना पाण्याची खोली फुटांत कधी सांगता आली नाही. शेतातून येताना कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "मानंला लागलंय." ही मान धोंडेची हे दोन्ही काठांवरच्या पोरासोरांना ठाऊक होतं. गावाबाहेरच्या माणसाला मात्र स्वतःची मान आठवायची आणि तो उगीच घाबरायचा.

तेरणा मोठी नदी नाही. बालाघाटाच्या पठारावर तेरखेड्याकडं ती उगम पावते. तेरखेडा लोकांना माहीत आहे ते फटाक्यांमुळं. तिथं एक नदी जन्माला येते हे लातुरातल्या माझ्या कित्येक ओळखीच्यांना ठाऊक नाही. पुढं ती तेरला जाते, तिथून आग्नेयेकडं वळत माकणीच्या धरणात अडते, धरणाखाली सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यातून वाहते आणि निलंगा तालुक्यात औराद शहाजानीच्या बाजूला मांजरेला मिळते. मांजरा तिला घेऊन कर्नाटकात, तेलंगणात फिरून पुन्हा नांदेडच्या अंगाला येते आणि गोदावरीत जाते. शाळेत आम्हाला हा प्रवास एका ओळीत शिकवला होता: तेरणा ही मांजरेची उपनदी. परीक्षेत एक गुण मिळायचा.

आबांना नदी दुसऱ्याच रीतीनं पाठ होती. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला ते दरसाल पायी तेरला जायचे, शक्य तितकं नदीच्या काठानं. तेव्हा पात्र आटलेलं असायचं आणि अधूनमधून डोह उरलेले असायचे. परत आल्यावर वाट सांगायला बसले की गावांच्या नावांआधी उतारांची नावं यायची. गाडउतार, पांदीचा उतार, मढ्याचा उतार (तिथून पलीकडच्या मसणवट्यात जाता यायचं), बाभळीचा उतार. त्यांच्या लेखी नदी म्हणजे उतारांची माळ होती आणि मधलं पाणी नुसता दोरा.

उतार हा शब्दच मला फार आवडतो. नदी जिथून ओलांडता येते ती जागा म्हणजे उतार. विषावर, दुखण्यावर लागू पडतो तो उतारा. मोटारीत, आगगाडीत बसलेला माणूस उतारू.

कोणत्या जागी उतार असावा हे मात्र माणसानं ठरवलेलं नसतं, खालच्या खडकानं ठरवलेलं असतं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळल्यापासून या मुलखाकडं मी वेगळ्या नजरेनं बघते. आमच्याकडचं रान काळं. पावसात त्या मातीत गाडीचं चाक आसापर्यंत रुततं आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. अशा मातीतून वाहणारी नदी काठ उभे कापते, कुठं कुठं दोन पुरुष खोल. तिथं माणूस उतरू शकत नाही आणि उतरला तर चढू शकत नाही. पण मधेच कुठंतरी मातीखालचा खडक वर आलेला असतो. तिथं काठ आपोआप पसरट होतो, पात्र रुंद आणि उथळ होतं, तळ कठीण लागतो. चाक रुतत नाही, बैलाचा खूर बसतो. तोच उतार. उतार आहे म्हणून गाडीवाट आली आणि गाडीवाट आली म्हणून वर काठावर गाव बसलं. एका काठावर बसलं की समोरच्या काठावरही बसलं. तेरणेच्या आमच्या पट्ट्यात गावं जोडीजोडीनं समोरासमोर होती, ती यामुळं. आमचं गाव उत्तरेच्या काठाला आणि माझ्या आत्याचं सासर बरोबर समोर, दक्षिणेच्या काठाला. मधे म्हसधोंड.

तेरचं जुनं नाव तगर. सुमारे १,९५० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला येतं. तगर म्हणजे आपलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, रोमशी व्यापार होता याच्या खुणा बघताना मी दरवेळी त्या ओळीपाशी अडते: रस्ते नसलेला मुलूख, आणि तरीही गाड्या. रस्ता नसेल, पण उतार असणारच. त्याशिवाय भरलेली गाडी या देशातून दहा दिवस चालू शकत नाही. कुठल्या नदीत कोणती धोंड किती बुडाली की थांबायचं, हे त्या गाडीवानांनाही ठाऊक असलं पाहिजे. त्यांच्या म्हशी कुठल्या होत्या कोण जाणे.

आत्याचं लग्न झालं तेव्हा माझा जन्म नव्हता. पण तिच्या पहिल्या पंचमीची गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की मीच तिथं होते असं वाटतं. नवी लेक, पहिली पंचमी, माहेरी यायलाच पाहिजे. माझे बापू मुराळी म्हणून निघाले आणि नदीला पाणी. शिंग दिसेना. दोन दिवस ते सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन बघत होते आणि समोरच्या काठावर आत्या पिशवी घेऊन उभी राहून परत जात होती. तिसऱ्या दिवशी शिंगाचं टोक वर आलं. तेव्हा आबांनी काहील काढली.

गुऱ्हाळातली गुळाची काहील. हिवाळ्यात तिच्यात रस आटतो, पावसाळ्यात ती गोठ्यात पालथी पडलेली असते. पसरट, जड, कडेला कड्या. ती पाण्यात सोडली की तरंगते. मधोमध माणूस बसवायचा, त्यानं हलायचं नाही, आणि दोन पोहणाऱ्यांनी कड्या धरून तिरकं ढकलत न्यायचं. तिरकं यासाठी की सरळ नेली तर धार काहिलीला गरागरा फिरवते. उताराच्या बरंच वर पाण्यात सोडायची म्हणजे पलीकडं बरोबर उतारावर लागते. आत्या सांगते की तिनं डोळे मिटून घेतले होते आणि काहिलीच्या तळाला गेल्या हंगामातल्या गुळाचा वास येत होता. पुराच्या मधोमध, भिजलेल्या लुगड्यात, गुळाचा वास. पन्नासएक वर्षं होत आली, पण ती गोष्ट सांगताना आजही ती नाकानं श्वास ओढते.

आमच्या गावच्या निम्म्या लेकी पलीकडं दिलेल्या आणि पलीकडच्या निम्म्या आमच्यात आलेल्या. सोयरीक जुळवताना बघायची पहिली गोष्ट म्हणजे उतार जवळ आहे का. लेकीला काही झालं तर किती वेळात पोचता येईल, याचा तो हिशेब होता. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या पट्ट्यात तेरणा दोन जिल्ह्यांची हद्द बनली. आम्ही लातूरचे झालो, आत्या उस्मानाबादची राहिली. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. गुरं पाण्यावर यायची आणि परत जाताना कधी कधी चुकून दुसऱ्या जिल्ह्यात जायची. संध्याकाळी दोन्हीकडची पोरं काठावर उभी राहून आपापली जनावरं नावानं हाका मारून बोलवायची.

१९९३ च्या सप्टेंबरात मी तेरा वर्षांची होते. गणपती विसर्जनाला दोन्ही गावं म्हसधोंडेपाशी आली, नेहमीसारखी. आमचा गणपती या बाजूनं, त्यांचा त्या बाजूनं, आणि पाण्यात दोन्ही जवळजवळ एकाच जागी. पाणी धोंडेच्या पाठीला नुसतं चाटत होतं. समोरून लेझमीचा आवाज येत होता. आत्या तिची दोन लेकरं घेऊन काठावर आली होती. तिनं ओरडून माझ्या आईला विचारलं, "वैनी, उडीद झाले का?" आई ओरडली, "झाले की, रास पडलीया." एवढंच बोलणं झालं. रात्र बरीच झाली होती.

३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही पोरं आणि बापू गणपतीच्या मांडवातच झोपलो होतो, आई उठून चुलीकडं आली होती. आजी आणि धाकटी काकू आत होत्या. आमची घरं माळवदाची. नदीतून आणलेल्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकूड, आणि लाकडावर दरवर्षी थर देऊन देऊन जड झालेली पांढरी माती. उन्हाळ्यात त्यासारखा गारवा नाही. त्या पहाटे दोन्ही काठांवर त्याच भिंती आणि त्याच मातीखाली माणसं गेली. या सगळ्या भागात मिळून जवळजवळ १०,००० माणसं गेली. आजी सापडली दुपारी. काकू दुसऱ्या दिवशी.

उजाडलं तेव्हा समोरचा काठ दिसत नव्हता. नुसती धूळ होती. आबा हातातला दगड टाकून उठले आणि नदीकडं चालू लागले, मागून बापू. मी त्यांच्या पाठी गेले, मला कुणी थांबवलं नाही. म्हसधोंडेची पाठ उघडी होती. गुडघाभर पाणी. आबा धोंडेपाशी पोचले, तिच्या पाठीवर एक हात ठेवला, जसं रोज ठेवायचे, आणि पलीकडं गेले. नदीनं त्या दिवशी वाट दिली. संध्याकाळी दोघं परत आले तेव्हा बापूंच्या पाठीवर आत्या होती, तिचा पाय मोडलेला. लेकरं आणि सासू गेली होती.

पुढच्या दिवसांत पाऊस लागला. नदी चढली, शिंग गेलं. दोन्ही काठांवर चिता जळत होत्या आणि इकडून तिकडं जाता येत नव्हतं.

भूकंप धरणामुळं झाला का, यावर शास्त्रज्ञांनी बराच खल केला. किल्लारीला खोल भोक पाडून पाहिलं तेव्हा काळ्या खडकाचा थर ३३८ मीटर जाड निघाला आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटचा पाया. उतार ज्या खडकामुळं झाला तो किती खोल जातो, हा आकडा मला असा कळला. आबांना मी तो सांगितला होता. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजी धोंड हलली न्हाई." खरंच हलली नव्हती. जिच्यावर घरं होती ती माती हलली, भिंती पडल्या. धोंड होती तिथंच होती.

त्यानंतर ५२ गावं उठवून दुसरीकडं वसवली गेली, आमचीही त्यात. नव्या गावात घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. आम्हाला ४०० चं मिळालं. घरं पक्की होती, भीती गेली, आणि ज्यांनी हे काम केलं त्यांचं मोल मी मनापासून मानते. पण नवं गाव माळावर, नदीपासून तीन किलोमीटर उत्तरेला. आत्याचं नवं गाव तेवढंच दक्षिणेला. दोन जिल्हे, दोन याद्या, दोन आराखडे. दोन्हीकडच्या लोकांनी नदीकडं पाठ फिरवली होती. तेव्हा नदीकाठी राहायचं धाडस कुणालाच नव्हतं. समोरासमोरची दोन गावं एकमेकांपासून सहा किलोमीटर लांब गेली आणि मधे उताराकडं जाणारी वाटच उरली नाही. नव्या रस्त्यानं, पुलावरून जायचं तर अठरा किलोमीटर. पूर्वी लेकरू रडलं तर पलीकडं ऐकू यायचं असं म्हणायचे. तसं ते ऐकू येत नसेलही, पण तसं म्हणता तरी येत होतं.

लोक म्हणतात पुलांनी उतार मारले. आमच्याकडं तसं झालं नाही. आमच्या उताराला कुणी मारलं नाही, त्याला सोडून दोन्हीकडची माणसं निघून गेली. खालच्या अंगाला आधी नळकांडी पूल झाला, दरवर्षी पुरात बुडणारा, मग उंच पूल. वरच्या अंगाला कोल्हापुरी बंधारा झाला. पावसाळा संपला की त्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात, पाणी तुंबतं, आणि अरुंद भिंतीवरून शेतकरी मोटारसायकल ढकलत नेतात. तोही एक उतारच. पण त्याला नाव पडलेलं नाही. "बंधाऱ्यावरून" एवढंच म्हणतात.

आत्या मात्र उतारानंच यायची. पायात रॉड, काठी हातात. रिक्षा आहे, टेंपो आहे, बापू गाडी घेऊन येतो म्हणायचे. ती ऐकायची नाही. तिच्या नव्या गावातून तीन किलोमीटर चालत काठावर, उतारानं अलीकडं, मग पुन्हा तीन किलोमीटर चढून आमच्याकडं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यातून येताना तिच्या पडलेल्या घराच्या उंबऱ्यापाशी ती बसायची. आम्ही घाबरायचो, रागवायचो. एकदा आईनं विचारलंच, "वन्सं, काय हाय तिथं आता?" आत्या म्हणाली, "वाट हाय की."

मधल्या काळात नदी बदलली. धरणातून सोडलं तर पाणी, नाहीतर कोरडी. आबांचं धोंडेचं शास्त्र यात चालत नाही, कारण पाणी आता आभाळाला विचारून चढत नाही, दरवाजाला विचारून चढतं. वाळू रात्री ट्रॅक्टरनं जाऊ लागली. काही वर्षांत धोंडेच्या भोवती खड्डा झाला आणि म्हैस उभी राहिल्यासारखी दिसू लागली. जिथं पाठ दिसायची तिथं पोट दिसायला लागलं, पोटाखालचे पायही. तिला पाय असतील असं मला लहानपणी कधी वाटलंच नव्हतं. उताराच्या दोन्ही अंगांचे पसरट काठ तुटले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात मी गेले होते. धोंडेच्या पायाशी मोठी भेग पडलेला कोरडा गाळ, त्यात एक जुनी चप्पल. आबा तोपर्यंत गेले होते. त्यांना हे दिसलं नाही याचं मला बरं वाटलं.

मग २०२५ चा सप्टेंबर. मराठवाडाभर पाणीच पाणी झालं, सोयाबीन शेतात सडलं, माती वाहून गेली. भूकंपानंतर झालेली आत्याची लेक सास्तूरच्या बाजूला राहते. तिनं पुलावरून व्हिडिओ पाठवला. तांबडं-काळं पाणी, त्यात वाहणारी एक कडब्याची गंज. आत्या तेव्हा माझ्याकडं लातूरला होती, सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्याला मोतीबिंदू. तिनं फोन हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि लेकीला विचारलं, "धोंड दिसतीया का?" लेक म्हणाली, "आई, पूल लांब हाय तिथनं. धोंड कशी दिसंल?" आत्या म्हणाली, "मग जाऊ नको कुठं."

यंदा संक्रांतीनंतर आम्ही तिघी गेलो. आत्याची लेक, मी आणि आत्या. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गाडीनं, पुढं चालत. काठ ओळखू येत नव्हता. बाभळी उपटल्या होत्या, जुन्या पांदीत गाळ भरला होता. पण पुरानं वाळू आणली होती. वरून कुठून कुठून ओढून आणलेली, जाड, पांढुरकी वाळू उतारावर पसरली होती आणि धोंडेचे पाय बुजले होते. पोटही निम्मं बुजलं होतं. पाणी वाळूच्या मधून, घोटाभर, धोंडेला वळसा घालून चाललं होतं.

आत्यानं काठी वाळूत रोवली आणि धोंडेच्या पाठीपासून वाळूपर्यंत हातानं मोजलं. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, आणि वर चार बोटं. मग पुन्हा मोजलं. "पूर्वी एक ईत हुती," ती म्हणाली. लेकीनं मोबाइल काढून फोटो घेतला, आत्याचा हात धोंडेवर असलेला. आत्यानं तिला सांगितलं की पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा येऊन मोजायचं, याच जागेवर, शिंगाच्या खाली, आणि काठावरच्या दगडावर एक रेघ मारून ठेवायची. आम्ही एक टोकदार दगड शोधला आणि रेघ मारली.

मग तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि आम्ही पलीकडं गेलो.